ओढ्याचे पाणी कोणत्या खोऱ्याचे?

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात, ईटच्या आसपासच्या बालाघाटी मुलखात, डोंगर म्हणावा असा डोंगर क्वचितच आडवा येतो. आढळतात ती लांबरुंद माळराने, बाभळींनी वेढलेल्या पांदी, आणि महसुली दप्तरात नुसता ‘नाला’ एवढीच ज्यांची नोंद होते असे उथळ प्रवाह. परंतु गोदावरी आणि कृष्णा या दोन महान खोऱ्यांची सरहद्द याच पठारावरून गेली आहे. तिच्या उत्तरेस पडलेली सर मांजरेला मिळायची, दक्षिणेची बाणगंगेसारख्या नद्यांवाटे सीनेला. आणि हा निवाडा करणारा उंचवटा पुष्कळदा इतका अल्प असतो, की बैलगाडी हाकणाऱ्यालाही चढ लागल्याचे उमगू नये.

अशा ओढ्याची ढासळलेली दरड जरा न्याहाळावी. वर उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, आणि त्याही खाली ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर. मुरमात आणि सच्छिद्र खडकात पाणी जिरते. खालचा घट्ट काळा पाषाण ते अडवतो, आणि जेथे हा सांधा दरडीत उघडा पडतो तेथे झरा पाझरतो. पावसाळा सरला की ओढा वरून कोरडा दिसतो खरा, पण काठच्या विहिरी आणखी काही काळ त्याच्याच जिरलेल्या पाण्यावर तग धरतात. नदीचे कौतुक करणाऱ्यांनी या गुप्त ठेवीचाही हिशेब धरायला हरकत नाही.

पुढचा प्रवास लांबचा आहे. पाटोदा तालुक्यातील गवळवाडीजवळ, सुमारे ८२३ मीटर उंचीवर उगम पावणारी मांजरा ७२४ किलोमीटरची वाट चालून तेलंगणातील कंदकुर्तीपाशी गोदावरीत विलीन होते. सीना भीमेला आणि भीमा रायचूरच्या बाजूस कृष्णेला मिळते. एका माळावरून फारकत घेतलेली ही दोन पाणी अखेर आंध्रच्या किनाऱ्यावर, कोल्लेरू सरोवराच्या दोन बाजूंना पसरलेल्या त्रिभुज प्रदेशांतून, एकाच बंगालच्या उपसागरात उतरतात.

माणसांच्या सरहद्दी निराळ्या. ईटपासून फार दूर नसलेले खर्डा, जेथे १७९५ साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, ते पुढे मुंबई इलाख्यात राहिले आणि ईट १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली. त्या रेषेला ओढ्यांनी कधी जुमानले नाही. पाणलोटाच्या रेषेला मात्र कायदाही जुमानतो. न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली १९६९ साली दोन्ही खोऱ्यांसाठी स्वतंत्र लवाद नेमले गेले. कृष्णेचा अंतिम निवाडा १९७६ साली, गोदावरीचा १९८० साली झाला. कृष्णेचे पाणी मराठवाड्यात आणण्याच्या योजनेची सारी भिस्त या जिल्ह्याचा काही भाग कृष्णेच्या खोऱ्यात मोडतो, याच वस्तुस्थितीवर आहे. तेव्हा माळावरच्या नाल्यात बांध घालणाऱ्याने, पाणी कोणत्या हिश्श्यातून अडवले जात आहे, हे उतार पाहूनच ठरवायचे.