आयोडीनच्या गोळीचा साठा : व्यापारी दृष्टीने विचार

माल साठविणे हा आपला पिढीजात व्यवसाय होय. तथापि कोणता माल, किती, कोठे व किती काळ ठेवावा हे जो जाणतो, त्याचाच साठा प्रसंगी उपयोगी पडतो. पोटॅशियम आयोडाइड या औषधासही हाच नियम लागू आहे. गोवा व बेळगाव भागास कारवारजवळील कैगा, तर वडोदऱ्यास सुरतेकडील काकरापार ही अणुवीजकेंद्रे फारशी दूर नाहीत. म्हणून सभासद बंधुभगिनींनी या विषयाची माहिती करून घेणे अगत्याचे वाटते.

अणुभट्टीस मोठा अपघात झाल्यास किरणोत्सर्गी आयोडीन हवेत पसरते आणि श्वासावाटे व दुधावाटे शरीरात जाऊन गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत साचते. वेळीच गोळी घेतल्यास ग्रंथी निर्दोष आयोडीनने आधीच भरते. भरलेल्या वखारीत नवे पोते मावत नाही, तसाच हा प्रकार. प्रौढाची १३० मिलिग्रॅमची मात्रा सुमारे एक दिवस पुरते. ती दूषित हवा पोहोचण्याच्या थोडी आधी किंवा नंतर काही तासांतच घ्यावी लागते. मुलांची मात्रा कमी, परंतु गरज सर्वांत अधिक. चाळिशीपुढील माणसांस लाभ अल्प. अन्य किरणोत्सर्गी द्रव्यांपासून ही गोळी मुळीच रक्षण करीत नाही.

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल येथे अपघात झाला, तेव्हा पोलंडने थोड्याच दिवसांत सुमारे १ कोटी ५ लक्ष मुलांस आयोडीनचे द्रावण पाजले. उलट, अपघातस्थळाच्या आसपासच्या प्रदेशात दूषित दूध प्यालेल्या हजारो मुलांस पुढे थायरॉईडचा कर्करोग जडला.

मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अपघात घडताच चीनमध्ये अफवेमुळे आयोडीनयुक्त मिठावर झुंबड उडाली व दुकाने रिकामी झाली. येथे साधे त्रैराशिक मांडून पाहावे. आपल्याकडे किरकोळ विक्रीच्या मिठात दर ग्रॅमास किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. एका गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. तेवढे मिळविण्यास सुमारे साडेसहा किलो मीठ एका दिवसात खावे लागेल! अर्थात मिठाचा असा साठा निरर्थक होय.

स्वित्झर्लंडमध्ये अणुकेंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आत राहणाऱ्यांस गोळ्या आगाऊ व विनामूल्य पाठविल्या जातात. साठा गरजेच्या जागी, गरजेपुरता व मुदत पाहून ठेवलेला असावा, हेच त्यातील तत्त्व. परिग्रह-परिमाण व्रत आपणांस याहून वेगळे काय शिकविते?

यास्तव केंद्राजवळ राहणाऱ्यांनी जिल्हा प्रशासनाकडे गोळ्यांच्या व्यवस्थेची चौकशी आजच करावी. अधिकाऱ्यांच्या सूचनेवाचून गोळी घेऊ नये. थायरॉईडचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला आधीच घेऊन ठेवावा. आणि अफवेच्या दिवशी आपल्या पेढीवर मिठाचा भाव एका पैशानेही वाढू नये. व्यापाऱ्याची पत अशाच दिवशी कसास लागते.