मालट्रकच्या रेडिएटरला विजेचा जादा पंखा : केव्हा व कसा बसवावा?

लोणार, मेहकर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. याच दिवसांत कांदा, तूर, हळद भरलेली गाडी बाजाराला निघते. मलकापूरहून खत भरून राजूर घाट चढताना इंजिन तापले, तर गाडी जागीच उभी राहते. तशीच दामटल्यास हेड गॅस्केट जळते, हेड वाकते आणि हंगामाची कमाई दुरुस्तीत जाते. यावर विजेचा जादा पंखा हा एक उपाय आहे. परंतु तो प्रत्येक दुखण्यावर लागू पडत नाही.

प्रथम दोष ओळखा

गाडी उभी असताना किंवा चढावावर हळू चालताना तापते व सपाट रस्त्यावर वेग घेताच निवते, तर हवा कमी पडते असे समजावे. येथे पंख्याचा उपयोग होतो. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर वेगात चालतानाही काटा वर चढत असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या बाजूला असतो : तुंबलेल्या नळ्या, अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला पंप किंवा सैल झाकण. अशा वेळी पंख्यावर खर्च करू नये.

जोडणी

१) इंजिनवर चालणारा मूळ पंखा काढू नये. भरलेल्या ट्रकला लागणारी हवा लहान विजेचा पंखा एकटा देऊ शकत नाही. शिवाय पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो.

२) जादा पंखा रेडिएटरच्या पुढील बाजूस, हवा आत ढकलणारा बसवावा. तारा उलट जोडल्यास तो उलटा फिरतो. कागदाचा तुकडा धरून हवेची दिशा पाहावी.

३) पंखा लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर बसवावा. रेडिएटरच्या जाळीतून बोल्ट आरपार घालू नयेत. नळ्या घासून गळती लागते.

४) बॅटरी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची, हे पाहूनच पंखा घ्यावा. १२० वॅटचा पंखा १२ व्होल्टवर १० अँपिअर, तर २४ व्होल्टवर ५ अँपिअर वीज घेतो. सुरू होताना क्षणभर याहून अधिक घेतो. अल्टरनेटरला हा भार झेपेल का, हे आधी तपासावे.

५) बॅटरीजवळच फ्यूज बसवून वीज रिलेमार्फत द्यावी. रिलेला तापमान-स्विच जोडावा. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडत असल्यास स्विच ९० अंशांच्या पुढचा घ्यावा. अन्यथा पंखा विनाकारण चालू राहील.

नवीन गाडीच्या तारा कापू नयेत; अधिकृत कार्यशाळेचा सल्ला घ्यावा.

देखभाल

मळणीचा भुसा व कापसाचे तंतू जाळीत बसतात. इंजिन थंड झाल्यावर आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने जाळी धुवावी. सरोवराच्या काठी पाणी आटले की क्षार उरतात, हे आपण पाहतोच. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांतही असाच थर धरतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून वापरावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने तोंड व हात भाजतात.

आधी जाळी स्वच्छ करा, पाणी व पट्टा तपासा. एवढे करूनही चढावावर काटा चढत असेल, तरच पंखा घ्या.