निर्वात पिशवी आणि खानदेशी कोठी

खानदेशातला उन्हाळा नुसता सोसायचा नसतो. तो वापरून घ्यायचा असतो. एप्रिल-मेमध्ये चाळीसगावचा पारा चाळिशी ओलांडून वर चढू लागला, म्हणजे परगावचा पाहुणा घाम पुशीत परतीच्या गाडीची वेळ विचारू लागतो. आमच्या गल्लीतल्या बायका मात्र त्या वेळी गच्चीवरची जागा अडवून ठेवण्याच्या खटपटीत असतात. बिबड्या, कुरडया, मुगाचे वडे, वर्षाची मिरची, डाळी या सगळ्या बेगमीला तेच कडक ऊन हवे असते. ते फुकट मिळते, आणि त्याच्याइतके चोख काम दुसरे कोणी करीत नाही.

खरी चिंता सुरू होते ती उन्हाचे काम संपल्यावर. मृगाचा पहिला शिडकावा झाला की हवा ओलसर होते. डाळीत पोरकिडे हिंडू लागतात, शेंगदाण्यांना खवट वास येतो आणि मसाल्याचा रंग उतरतो. अशा वेळी कोणी म्हणाले की, पिशवीतली हवाच ओढून घेणारे छोटेसे यंत्र दोन हजार रुपयांत मिळते, तर कोणती गृहिणी कान टवकारणार नाही? जाहिरातींत तर पदार्थ पाचपट टिकतो म्हणून सांगतात!

हे यंत्र, म्हणजे ‘व्हॅक्यूम सीलर’, मी यंदा पाडव्याला घेतले आणि दसऱ्यापर्यंत राबवले. माझी हौस हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर होते. आमच्या शेजारच्या अक्का तीन मैत्रिणींना घेऊन उन्हाळ्यात बिबड्या आणि काळा मसाला करून विकतात. यजमान गेल्यापासून घर त्याच पैशावर चालते. गाठीला बांधलेल्या पैशांतून असे यंत्र घ्यावे आणि हिवाळ्यात वांग्याचे भरीतही पाकिटात बंद करून पुण्या-मुंबईला पाठवावे, असे त्यांच्या मनात होते. “तुम्ही आधी वापरून पाहा आणि खरं काय ते सांगा,” असे त्या म्हणाल्या. कष्टाच्या पैशाचा सवाल आला म्हणजे मोघम उत्तर चालत नाही.

यंत्र दिसायला अगदी साधे. फूटभर लांब, किलोभर वजनाचे. झाकण उघडले की आत एक लहानसा खळगा, त्याभोवती मऊ रबरासारखी कड आणि पुढे एक चपटी तापणारी पट्टी. पिशवीचे तोंड खळग्यात ठेवून झाकण दाबले की आतला पंप घरघरतो, पिशवी वस्तूला चिकटून बसते आणि मग पट्टी तापून प्लॅस्टिकची दोन्ही पदरे एकजीव होतात. सासूबाई हे सगळे चष्मा पुशीत पाहत होत्या. “हाई काय शे वं?” एवढेच त्यांनी विचारले. मी समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, म्हणजे आपले पेवच की!

सासूबाईंनी एका वाक्यात शास्त्र सांगून टाकले. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात धान्य भरायचे आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे, अशी पेवे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होती. आतले धान्य आणि किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवीत, कर्बवायू साठे आणि किडे मरून जात. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, असा दंडक होता. घाईने उतरणारा माणूस गुदमरे. १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात चवळी टिकवण्यासाठी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी तिहेरी पिशवी तयार केली, तीही याच तत्त्वावर. तिथे यंत्रही नाही आणि पंपही नाही. तोंड घट्ट बांधले की किडेच आपला प्राणवायू संपवतात.

हवेच्या दाबाची ताकद जगाला दाखवली ती सतराव्या शतकात जर्मनीतल्या मॅग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिके यांनी. तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्यांनी आतली हवा काढली, आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते अर्धगोल सुटेनात. दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा सुमारे एक किलो भार असतो. आतून तोलणारी हवा काढून घेतली की तो भार जाणवू लागतो. माझ्यासारख्या स्वस्त यंत्राचा पंप यातला साधारण तीन-पंचमांश दाब कमी करतो. म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद पिशवीवर जवळजवळ साठ किलोंचे ओझे पडते. आता बिबडीने साठ किलो अंगावर घेतले तर तिचे काय होईल, ते सांगायला नकोच!

परीक्षा मी अशी घेतली. प्रत्येक जिन्नसाचे दोन सारखे वाटे केले. एक पिशवीत, दुसरा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. दोन्ही एकाच फळीवर. प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी.

भाजलेल्या शेंगदाण्यांत यंत्र निर्विवाद जिंकले. तेलकट जिनसाचा खरा वैरी प्राणवायू. त्याच्याशी संयोग होऊन तेल खवट होते. श्रावणात डब्यातले दाणे तोंडात धरवेनात, तर पिशवीतले कालच भाजल्यासारखे होते. सुक्या खोबऱ्याचीही तीच गोष्ट. तूरडाळीच्या पिशवीत कीड शिरली नाही, डब्यात शिरली. पण न्यायाने सांगायला हवे की, सासूबाईंनी एरंडेल चोळून ठेवलेल्या डाळीतही ती शिरली नव्हती, आणि एरंडेलाला दोन हजार रुपये पडत नाहीत. काळ्या मसाल्याचा वास पिशवीत अधिक टिकला. मात्र गच्च भरलेल्या बरणीतला मसालाही फारसा मागे नव्हता. अर्धी रिकामी बरणीच मसाल्याचा घात करते, कारण तिच्या रिकाम्या अर्ध्या भागात हवाच असते.

आता उणी बाजू. बिबड्यांचा चुरा झाला. कुरडयांच्या टोकांनी पिशवीला बारीक भोके पाडली आणि सकाळी पिशवी पुन्हा सैल पडलेली दिसली. लवंग, दालचिनी आणि मिरचीचे देठ हेही तेच करतात. असा जिन्नस आधी कागदात गुंडाळावा लागतो. कळण्याचे पीठ पंपाने ओढून घेतले, त्याची पूड तापत्या पट्टीवर बसली आणि सांधा कच्चा राहिला. पीठ आधी कागदी पुडीत बांधून मग पिशवीत घातले, तेव्हा काम नीट झाले. लोणच्याच्या वाटेला तर जाऊच नये. तेल-खार पंपात शिरला की यंत्राचा कारभार आटोपलाच. शिवाय चार-पाच पिशव्यांनंतर पट्टी इतकी तापते की यंत्राला विसावा द्यावा लागतो. घाऊक कामाला ते उपयोगी नाही.

खर्चाचाही हिशेब पाहा. या यंत्राला बाजारातली साधी गुळगुळीत पिशवी चालत नाही. दोन्ही बाजू सपाट असल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि आतली हवा आतच अडकते. एका बाजूला बारीक खाचा असलेली जाड पिशवीच लागते, आणि ती मला दहा रुपयांच्या आसपास पडली. वर्षाला शंभर पिशव्या म्हटल्या तरी हजार रुपये झाले. कोरड्या जिनसांची पिशवी कापून दोन-तीनदा वापरता येते, पण दर खेपेला ती बोटभर आखूड होते. स्टीलचा डबा मात्र आईकडून मुलीकडे जातो.

इथवरचा सगळा प्रश्न पैशाचा आणि चवीचा होता. भरताचा प्रश्न जिवाचा आहे, म्हणून तो वेगळा सांगते.

१८९५ साली बेल्जममधील एलेझेल या गावी एका मयताच्या जेवणात खारवलेले मांस खाऊन वादकमंडळी आजारी पडली. त्यांतले तिघे दगावले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेन्गेम यांनी त्या मांसातून एक जंतू शोधून काढला. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम म्हणतात. या जंतूची तऱ्हा इतरांच्या उलट आहे. याला प्राणवायू सोसत नाही. हवा काढून घेतली की हा सुखावतो. याचे बीज मातीत सर्वत्र असते आणि साध्या उकळण्याने ते मरत नाही. त्याला मारायला दाबाखाली १२१ अंशांची उष्णता लागते. ओलसर, आंबट नसलेला, शिजवलेला पदार्थ निर्वात पिशवीत घालून बाहेरच्या उष्णतेत ठेवला, म्हणजे या जंतूला पाटावर बसवून वाढल्यासारखेच! वाईट असे की, त्याचे विष झालेले वासावरून किंवा चवीवरून कळेलच असे नाही.

आता आपले भरीत पाहा. वांगे मातीजवळचे, काड्यांवर भाजलेले. त्यात लसूण, मिरची, कांद्याची पात आणि वर तेल. आंबटपणा नाही, ओलावा भरपूर. जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याचा आम्हां खानदेशकरांना अभिमान आहे. पण ते भरीत निर्वात पिशवीत घालून रात्रभर एस.टी.च्या टपावर आणि पुढे दोन दिवस कोणाच्या तरी टेबलावर राहणार असेल, तर तो अभिमान महाग पडेल. कारखान्यांतून तयार भाज्यांची पाकिटे निघतात ती पिशवी बंद झाल्यावर मोठ्या दाबाच्या भांड्यात तापवून काढलेली असतात. आपल्या यंत्रात ती सोय नाही. हवा काढणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. हे एक वाक्य प्रत्येक यंत्रावर ठळक अक्षरांत छापले पाहिजे. शिजवलेला पदार्थ पिशवीत घातलाच, तर तो थेट फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या कप्प्यात जावा आणि खाण्याआधी पुन्हा खळखळून तापावा. कच्चा सोललेला लसूण आणि तेलातला लसूण यांनाही हाच नियम.

मी अक्कांना हे सारे सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. भरताच्या पाकिटांवर त्यांनी बरेच मनोरथ रचले होते. मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. भरीत नको, त्याऐवजी त्याचा कोरडा मसाला आणि भाजलेले दाणे अशी जोडपुडी करावी, वांगी गिऱ्हाइकाने आपल्या गावी घ्यावीत. काळा मसाला, दाणे, खोबरे आणि तीळ एवढेच जिन्नस पिशवीत. बिबड्या पूर्वीसारख्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कारण त्यांना भीती ओलाव्याची, हवेची नव्हे. विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी आणि पाकिटावर तयार केल्याची तारीख हवी. यंत्र एकटीने न घेता चौघींत एक घ्यावे. चौघींच्या वाट्याला पाचशे-पाचशे आले, आणि अक्कांच्या गाठीचे पैसे बव्हंशी गाठीलाच राहिले. दसऱ्याला त्यांनी मसाल्याची पहिली पन्नास पाकिटे बांधली.

तेव्हा भगिनींनो, माझा निवाडा असा. मुले परगावी असतील, घरात दाणे-खोबरे-मसाल्याचा खप मोठा असेल, फ्रीजमध्ये जागा असेल, तर यंत्र जरूर घ्या. चौकोनी कुटुंब असून महिन्याचे सामान महिन्याला येत असेल, तर चार चांगले डबे घ्या आणि ते काठोकाठ भरा. यंत्र घेतले तर प्रत्येक पिशवी बंद केल्यावर पाण्याच्या बादलीत बुडवून दाबून पाहा; बुडबुडा आला की सांधा कच्चा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचपा. आणि जिन्नस उन्हात कडक वाळल्याखेरीज पिशवीत घालू नका, कारण उन्हाचे काम कोणतेही यंत्र करीत नाही.

दिवाळीचा फराळ धाडायचा असेल, तर शंकरपाळी पिशवीत बेलाशक घाला. चकली, चिवडा आणि करंज्या मात्र डब्यातच, वर कागदाची घडी दाबून. साठ किलोंचे ओझे सोसण्याइतकी आपली चकली कडक झाली असेल, तर दोष यंत्राचा नाही, मोहनाचा आहे!