मॉडेल विमानाचं इंजिन: आधी भरवसा, मग ताकद
रिमोटवरच्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं, की उतरायची संधी एकदाच मिळते. त्यामुळे पहिलं इंजिन घेताना ताकद नंतर बघा. ते मंद गतीवर न विझता चालतं का? थ्रॉटल देताच उचल घेतं का? शिकाऊ विमानाला ०.४६ घनइंचाचं, म्हणजे साधारण ७.५ सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन पुरतं. पेट्रोल त्यात चालत नाही, तेल मिसळलेलं मिथेनॉल लागतं. हे मिथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून जुनं इंजिन स्वस्तात मिळत असेल तर आधी बेअरिंग गंजलंय का ते तपासा. ग्लो प्लगची बॅटरी काढून पंखा हाताने फिरवा. दाब जाणवलाच नाही, तर सौदा सोडा. नवं इंजिन सुरुवातीला इंधन थोडं जास्त देऊनच चालवावं. इंधन कमी पडलं की ते तापतं आणि नेमकं चढतानाच बंद पडतं.