मनोवैद्यांची शाळा

पदवी हातीं पडली कीं अभ्यास सुटला, असें आम्हां विद्यार्थ्यांस वाटतें. मनोरुग्णांची सेवा करणाऱ्यांस मात्र तसें म्हणतां येत नाहीं. मेंदूवरील ज्या शस्त्रक्रियेबद्दल पोर्तुगालच्या मोनिझ यांस १९४९ सालीं नोबेल पारितोषिक लाभलें, तीच तिच्या दुष्परिणामांमुळें पुढें मागें पडली. आपल्या देशांत २०१७ च्या कायद्यानें रुग्णास साखळदंडानें बांधण्यास मनाई केली. जुन्या विद्येवरच विसंबणारा उपचारक रुग्णास अपाय करील. म्हणून चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांस भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी टिकविण्यासाठीं शिकत राहावें लागतें. कार्यशाळेंत कधीं एक जण रुग्ण होतो, दुसरा त्याचें दुःख ऐकतो, आणि इतर त्याच्या चुका दाखवितात. केस पिकलेले विद्वानही असे पुन्हां बाकावर बसतात. मग आम्हींच दप्तर कां टाकावें?