शत्रूच्या माऱ्याखाली पायदळाची हालचाल : तत्त्वे, तंत्र आणि दोन मराठी उदाहरणे

प्रस्तावना

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या परिसरातील अनेक तरुण सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे धावण्याचा सराव करतात. भरतीच्या शारीरिक चाचणीत १६०० मीटर धाव असल्याने त्यांचे सारे लक्ष वेगावर केंद्रित झालेले असते. रणभूमीवर मात्र केवळ वेग सैनिकाचे प्राण वाचवीत नाही. तेथे कोणी, केव्हा, कोठून कोठवर आणि कोणाच्या आधाराने हालावे याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय छात्रसेना हा ऐच्छिक श्रेयांक विषय म्हणून स्वीकारण्याची सूचना विद्यापीठांना केली. त्यामुळे हे शास्त्र आता महाविद्यालयीन अभ्यासाच्या कक्षेत आले आहे. चित्रपटांनी रुजविलेली ‘छाती पुढे काढून एकट्याने धावणारा वीर’ ही प्रतिमा या शास्त्राच्या नेमकी विरुद्ध आहे. प्रस्तुत लेखात या तत्त्वांचा परिचय करून दिला असून मराठा पलटणींच्या इतिहासातील दोन प्रसंगांच्या आधारे त्यांची मर्यादाही स्पष्ट केली आहे.

आड : दृष्टीपासून आणि गोळीपासून

छात्रसेनेच्या प्रशिक्षणात ‘नजरी आड’ आणि ‘फायरी आड’ असा भेद प्रारंभीच शिकविला जातो. उभ्या तुरीचे किंवा कपाशीचे पीक माणसाला शत्रूच्या नजरेपासून लपविते, परंतु गोळी अडवू शकत नाही. याउलट शेताचा जाड बांध किंवा नाल्याचा खोल काठ गोळीही अडवितो. पहिल्या प्रकारची आड शत्रूने आपणांस पाहिले नाही तोवरच उपयोगी असते. एकदा पाहिल्यानंतर तो पिकावर अंदाजाने गोळ्या झाडू शकतो. म्हणून सैनिक भूमीकडे शेतकऱ्याप्रमाणे बारकाईने पाहतो. कोठे उतार आहे, कोठे खळगा आहे, कोणता बांध कोणत्या दिशेने वाचवील, हे त्याला निघण्यापूर्वीच हेरावे लागते. समोरून सुरक्षित वाटणारा बांध बाजूने येणाऱ्या माऱ्यास उघडा असू शकतो, हेही ध्यानी ठेवावे लागते.

आडीपर्यंत जाण्याच्या पद्धती आडीच्या उंचीनुसार बदलतात. कमरेएवढा बांध असेल तर वाकून चालता येते. आड त्याहून कमी असेल तर हातगुडघ्यांवर, आणि वीतभरच असेल तर पोट जमिनीला लावून कोपर व गुडघ्यांच्या जोरावर सरकावे लागते. ही शेवटची पद्धत अत्यंत संथ व थकविणारी असते. म्हणूनच ती सर्वत्र वापरली जात नाही.

काळाचे गणित

आड नसलेला पट्टा ओलांडताना शरीर किती वेळ उघडे राहते, हा प्रश्न निर्णायक ठरतो. शत्रूच्या नेमबाजाला हालचाल दिसणे, शस्त्र तिकडे वळविणे आणि नेम धरून चाप ओढणे यांस काही सेकंद लागतात. त्याचे हे काम पूर्ण होण्यापूर्वी सैनिकाने पुन्हा जमिनीवर असावे, हे या तंत्राचे मर्म होय. यासाठी एका वेळची धाव साधारण तीन ते पाच सेकंदांची ठेवतात. शस्त्र व साहित्याच्या भारासह सेकंदाला तीन-चार मीटर वेग धरला, तर एका धावेत सुमारे दहा ते पंधरा मीटर अंतर कापले जाते. म्हणजे ३०० मीटरचा पट्टा ओलांडण्यास वीस किंवा अधिक धावा लागतील. धाव संपताच सैनिक आडवा होतो आणि शक्य असल्यास किंचित बाजूला सरकतो. ज्या जागी तो दिसेनासा झाला त्याच जागी पुन्हा उठला, तर तेथे नेम धरून बसलेला शत्रू त्याची वाटच पाहत असतो.

ध्वनीचे भौतिकशास्त्रही येथे कामी येते. आधुनिक रायफलीची गोळी ध्वनीहून वेगवान असते. त्यामुळे गोळी जवळून जाताना प्रथम तीक्ष्ण कडकडाट ऐकू येतो आणि नंतर रायफलीचा दबका आवाज पोहोचतो. ३०० मीटर अंतरावर या दोहोंत सुमारे अर्ध्या सेकंदाचे अंतर पडते. अनुभवी सैनिक या अंतरावरून शत्रू किती दूर आहे याचा, तर दुसऱ्या आवाजावरून तो कोणत्या दिशेला आहे याचा अदमास घेतो. कडकडाटाच्या दिशेने पाहणारा नवखा मात्र फसतो.

उखळी तोफांच्या माऱ्यात हिशेब बदलतो. तेथे आडवे पडल्याने धोका कमी होतो, पण टळत नाही. अशा वेळी माऱ्याची जागा शक्य तितक्या लवकर सोडणे अधिक श्रेयस्कर ठरते.

मारा आणि हालचाल

वरील सर्व तंत्रांचा पाया एका सूत्रात आहे : माऱ्याच्या आधाराविना हालचाल नाही. भारतीय पायदळातील दहा जणांच्या सेक्शनमध्ये रायफल गट आणि लाइट मशीनगन गट असतात. एक गट शत्रूच्या मोर्चावर अचूक मारा करून त्याला डोके खाली ठेवण्यास भाग पाडतो, तेवढ्यात दुसरा गट पुढे सरकतो. मग भूमिका बदलतात. आधाराचा मारा शक्यतो बाजूने केला जातो, कारण समोरून केल्यास पुढे जाणारे सहकारीच मध्ये येतात आणि मारा थांबवावा लागतो.

हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर १९९९ च्या कारगिल युद्धात दिसले. तोलोलिंगच्या उघड्या चढणीवर आड जवळपास नव्हती आणि शत्रू माथ्यावर होता. पायदळाने रात्रीचा अंधार हीच नजरी आड मानली आणि तोफखान्याच्या माऱ्याचा आधार घेतला. १३ जून रोजी ते ठाणे हाती आले.

दोन मराठी प्रसंग

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे वगळता सर्वजण ठार वा जखमी झाले. म्हणजे आधार देणारा गटच उरला नाही. घाडगे यांनी मशीनगनवर धाव घेतली आणि हातबॉम्ब फेकून ती बंद पाडली. उरलेल्या शत्रूंशी त्यांनी हातघाईची लढाई दिली. त्यानंतर लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते धारातीर्थी पडले.

९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी कंपनीचे रनर असलेले शिपाई नामदेव जाधव यांच्या तुकडीची पूर्वेकडील पूररोधक बांधावर अशीच वाताहत झाली. जाधव यांनी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, चढणीच्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले. नंतर एकट्याने शत्रूची तीन मशीनगन ठाणी निकामी केली. अखेरीस बांधाच्या माथ्यावर चढून त्यांनी रणगर्जना केली आणि मागे थांबलेल्या तुकड्यांना पुढे येण्याची खूण केली.

या दोन्ही घटना नियम मोडल्याच्या कथा म्हणून सांगितल्या जातात. बारकाईने पाहता त्या नियमाचीच साक्ष देतात. घाडगे यांनी हातबॉम्बच्या रूपाने हरवलेला मारा स्वतःच निर्माण केला. जाधव यांनी ठाणी बंद पाडल्यामुळेच मागच्या तुकड्यांना नदी ओलांडता आली. मारा आणि हालचाल यांचे नाते तुटले तेव्हा त्या दोघांनी ते सांधले. त्यासाठी घाडगे यांना प्राणांचे मोल द्यावे लागले.

निष्कर्ष

माऱ्याखालील हालचाल ही आड, काळ आणि परस्परांचा आधार या तीन घटकांवर उभी असते. त्यांपैकी तिसरा घटक सर्वाधिक महत्त्वाचा होय. उघड्यावर धावणारा सैनिक त्या चार-पाच सेकंदांपुरता आपला जीव मागे गोळी झाडणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती सोपवितो आणि पुढच्याच क्षणी त्याचा जीव स्वतःच्या हाती घेतो. शौर्यपदकांचा इतिहास शिकविताना व्यक्तीच्या धैर्यासोबत ही सामूहिक शिस्त विद्यार्थ्यांपुढे मांडली पाहिजे. पहाटे एकटा धावणाऱ्या तरुणाला पुढे कोणाच्या तरी भरवशावर धावावयाचे आहे आणि कोणाचा तरी भरवसा व्हावयाचे आहे, हे त्याला वर्गातच कळणे हिताचे आहे.