एकट्या चुलीची दिवाळी

दिवाळी तीन आठवड्यांवर आली कीं दिघींतल्या भाड्याच्या खोल्यांतून एक निराळीच आंकडेमोड सुरू होते. रजा किती शिल्लक आहे, गुरुवार कोणत्या तिथीस येतो, त्या आठवड्यांत शिफ्ट पहिली कीं दुसरी, गांवाकडची गाडी मिळेल काय आणि परतीची मिळेल काय, असे ते प्रश्न असतात. आपल्या घरांतून याच सुमारास रव्याचे लाडू किती आणि बेसनाचे किती याची चर्चा चाललेली असते. तयारी दोन्हीकडे दिवाळीचीच. परंतु पहिलीकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. ती करणारी बहुधा विशी-पंचविशींतली, लातूर, बीड, यवतमाळ किंवा जळगांवकडून आलेली, भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्यांत वा कचेरींत नोकरी करणारी आणि एका खोलींत एकटी राहणारी मुलगी असते. तिच्या नित्याच्या दिवसांविषयीं व सणाच्या तयारीविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. दिघी हें पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. आषाढवारीस निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी याच रस्त्यानें पुण्यास जाते. आसपास लष्कराची आणि संरक्षण-संशोधनाची विस्तीर्ण जागा आहे, पश्चिमेस भोसरीची औद्योगिक वसाहत आहे, आणि मोशीवरून उत्तरेस गेलें कीं चाकण लागतें. १९९७ सालीं दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेंत आली. तेव्हांपासून शेतांच्या जागीं तीन-चार मजली घरें उभीं राहिलीं. एका मजल्यावर मालक आणि उरलेल्या मजल्यांवर खोल्या, ही येथील नेहमींची मांडणी. या खोल्यांतून आमची ही मुलगी राहते.

घरापासून दूर राहून शिकणारी वा कमावणारी मराठी स्त्री ही कांहीं कालपरवांची गोष्ट नव्हे. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं पतीस मागें ठेवून अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ सालीं मुंबईस निघालें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. परंतु या संस्थांतून राहणाऱ्या मुलींचें स्वयंपाकघर संस्थेचें असे आणि सणही संस्थेचाच असे. आपल्या या औद्योगिक पट्ट्यांत तर १९७४ सालीं टेल्को कंपनीनें अभियंत्यांसाठीं दिलेल्या जाहिरातींत स्त्रियांनीं अर्ज करूं नयेत, असें स्पष्ट छापलें होतें. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ति, यांनीं जे. आर. डी. टाटांस एक पोस्टकार्ड लिहून याबद्दल जाब विचारला. मुलाखतीस बोलावणें आलें आणि त्या तेथील पहिल्या स्त्री-अभियंत्या झाल्या. पन्नास वर्षांत चित्र इतकें पालटलें आहे कीं पहांटे कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलींच्या घोळक्याकडे दिघींत आज कोणी वळूनही पाहत नाहीं.

शिफ्ट हा या मुलीच्या दिवसाचा कणा आहे. पहिली असेल तर पहांटे चारला उठणें, दुसरी असेल तर मध्यरात्रीं परतणें. १९४८ च्या कारखाने-कायद्यानें स्त्रियांस सकाळीं सहापूर्वीं व सायंकाळीं सातनंतर कामावर ठेवण्यास मनाई केली होती. सरकारनें सवलत दिली तरी रात्रीं दहा ते पहांटे पांच ही वेळ वर्ज्यच राही. नोव्हेंबर २०२५ मध्यें अमलांत आलेल्या नव्या श्रमसंहितेनें स्त्रीची संमति आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर रात्रीचें कामही खुलें केलें आहे. कायद्याचें दार उघडलें. पुष्कळ घरांच्या जिन्याचें दार मात्र अजून दहालाच बंद होतें. भाडें पुरें घ्यावयाचें आणि भाडेकरूनें किती वाजतां यावें हेंही ठरवावयाचें, हा मालकीचा कोणता प्रकार, हें मला कधीं समजलेलें नाहीं.

दुसरी अडचण चुलीची. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर घ्यावयाचा तर राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. आणि पुरावा म्हणून भाड्याचा करार मागावा तर कित्येक मालक तो नोंदवीतच नाहींत. वस्तुतः १९९९ च्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ज्या मुलींना हें ठाऊक नसतें त्या पांच किलोचा लहान सिलिंडर घेतात. तो केवळ ओळखपत्र दाखवून मिळतो. त्यावर सकाळचा चहा, डब्याची पोळी-भाजी आणि रात्रीची खिचडी सुखानें होते. एकट्या माणसाचें रांधणें थोडें असतें, परंतु सोपें नसतें. कोथिंबिरीची जुडी अर्धी सुकते, पाव किलो दही तीन दिवस पुरवावें लागतें, आणि कणीक अंदाजापेक्षां मूठभर जास्त झाली कीं तिचें काय करावें हा प्रश्न उरतो.

या चुलीचें महत्त्व आपल्यापेक्षां जनगणना-खातें अधिक जाणतें. त्याच्या व्याख्येंत कुटुंब ठरविण्यास रक्ताचें नातें लागत नाहीं. एके ठिकाणीं राहून एका स्वयंपाकघरांतलें अन्न खाणारीं माणसें म्हणजे एक कुटुंब; आणि तसें राहणारें माणूस एकच असेल तर तेंही एक कुटुंबच. आपण मात्र तिला विचारतों, “दिवाळीला घरीं जाणार ना?” म्हणजे वर्षाचे साडेतीनशें दिवस ती जेथें राहते, रांधते, झाडते, पुसते आणि आजारी पडते तें घर नव्हे, असें आपण सहज बोलून जातों. विचारणाराच्या मनांत माया असते हें मी जाणतों. पण पुढील सर्व हकीकत या एका शब्दाभोंवतीं आहे, म्हणून त्याचा उल्लेख केला.

आतां सणाची तयारी. ती पैशापासून सुरू होते. बोनस दिवाळीलाच कां मिळतो, याचें उत्तर पंचांगांत जसें आहे तसें कायद्यांतही आहे. १९६५ च्या बोनस-कायद्यानें हिशेबाचें वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आंत बोनस देण्याचें बंधन घातलें. वर्ष मार्चअखेर संपतें. आठ महिने मोजले कीं नोव्हेंबर येतो. आणि त्याच्या आंत दिवाळी येतेच. बोनस कमीतकमी ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, आणि जास्तींत जास्त २० टक्के. नव्या संहितेंतही या मर्यादा कायम आहेत. परंतु शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलेल्यांस जुना कायदा लागू नव्हता आणि नवाही नाहीं. चाकण-भोसरीकडे येणाऱ्या पुष्कळ मुलींची पहिली नोकरी शिकाऊ म्हणूनच असते. त्यामुळें एकाच टेबलाशीं काम करणाऱ्या दोघींपैकीं एकीच्या हातीं बोनस आणि दुसरीच्या हातीं मिठाईचा पुडा, असें दृश्य दिसतें. दुसरीची दिवाळी मग त्या महिन्याच्या पगारांतूनच भागवावी लागते.

त्यानंतर प्रवास. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त स्त्रियांस अर्धें तिकीट आहे. या सवलतीनें किती मुलींचें गांवीं जाणें शक्य झालें, हें दिवाळीच्या आधल्या रात्रीं पिंपरीच्या वल्लभनगर स्थानकावर जाऊन पाहावें. खासगी गाड्यांनीं एस. टी. च्या दीडपटीहून अधिक भाडें घेऊं नये असा सरकारी निर्णय २०१८ सालचा आहे. तो कागदावर आहे हें पुष्कळ उतारूंना ठाऊकच नसतें. आगगाडीचें आरक्षण पूर्वीं १२० दिवस आधीं करतां येई. नोव्हेंबर २०२४ पासून तें ६० दिवसांवर आलें. गणपति बसण्याच्याही आधींच दिवाळीच्या तिकिटाचा विचार करावा लागतो तो यामुळें. आणि एवढें करूनही सुटी जमत नाहीं. कारखाना कोठें दोन दिवस बंद, कोठें चार. यवतमाळची मुलगी दोन दिवसांत जाऊन येईल ती केव्हां आणि राहील ती केव्हां? म्हणून पुष्कळजणी दिघींतच राहतात.

राहणारीची तयारी पाहण्यासारखी असते. भोसरीच्या पट्ट्यांत विजेचा भार विभागण्यासाठीं पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारीं नसून गुरुवारीं असते. तेव्हां साफसफाई, खरेदी आणि फराळ हें सर्व दोन गुरुवारांत बसवावें लागतें. फराळ कशाला करावयाचा, बचत गटाकडून अर्धा अर्धा किलो आणला कीं झालें, असें आपणांस वाटेल. पोटापुरतें पाहिलें तर तें खरें आहे. परंतु आपल्याकडे फराळाचें ताट शेजारीं जातें आणि तें रिकामें परत करावयाचें नसतें. मालकीणबाईंचें ताट येतें, समोरच्यांचें येतें, वरच्या मजल्यावरून एक येतें. “बिचारी एकटी आहे, ताट परत करण्याची घाई नको,” असें सांगून कित्येक ठिकाणीं तें पाठवितात. त्या मुलीस नेमकें हेंच नको असतें. आपलेंही एक घर आहे, त्यांतूनही ताट जाऊं शकतें, हें तिला दाखवावयाचें असतें. तोंडानें बोलून तें दाखवितां येत नाहीं.

मग काय करावयाचें? लहान सिलिंडरवर आणि थोड्या तेलांत होणारा पदार्थ म्हणजे पातळ पोह्यांचा चिवडा. अर्धा किलो पोहे मंद आंचेवर भाजून घेतले, शेंगदाणे, डाळें, खोबऱ्याचे काप, मिरची आणि कढीलिंब यांची फोडणी केली, कीं तासाभरांत चार ताटांची सोय होते. चकलीचें तसें नाहीं. तिच्या भाजणीस तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन आणि उडदाची एक, शिवाय धने-जिरें, असें प्रमाण सामान्यतः घेतात. तें धुऊन वाळवून भाजलें तरी गिरणीवाला एवढेंसें दळण्यास नाखूष असतो. त्याचेंही खरें आहे. आधींचें पीठ जात्यांत राहिलेलें असतें, आणि दळण थोडें असलें म्हणजे तेंच त्यांत ठळकपणें मिसळतें. म्हणून एका जिन्यांतल्या तिघीजणी मिळून भाजणी करितात. सोऱ्या मालकीणबाईंकडून मागून आणतात. हा सोऱ्या मागण्यास गेलेली मुलगी बहुधा दहा मिनिटें तेथेंच बोलत बसते, आणि वर्षभर न उघडलेलें बोलणें त्या दिवशीं उघडतें.

सर्वांत नवल अनारशांचें. सुगरणींनीं ज्याचा धाक घातला तो हा पदार्थ नोकरी करणाऱ्या एकटीस मात्र सोयीचा पडतो. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे आणि रोज एकदां पाणी बदलावयाचें. चौथ्या दिवशीं निथळून सावलींत पसरावयाचे, ओलसर असतांनाच बारीक करून चाळावयाचे, आणि जवळजवळ बरोबरीनें गूळ घालून गोळे डब्यांत पांच-सहा दिवस ठेवावयाचे. यांत दिवस पुष्कळ जातात, पण माणसाचा वेळ फार जात नाहीं. पाणी बदलण्यास शिफ्टला जाण्यापूर्वींचीं दोन मिनिटें पुरतात. तळणें तेवढें उरतें. तें एका संध्याकाळचें काम. खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा न उलटतां तळावयाचा, म्हणजे तेलही बेतानेंच लागतें.

सणाचे दिवस मात्र एकटेपणाची परीक्षा पाहणारे आहेत, कारण आपली दिवाळी दुसऱ्याच्या हातानें व्हावयाची असते. अभ्यंगाचें तेल पाठीस दुसऱ्यानें लावावयाचें, ओवाळावयाचें तेंही दुसऱ्यास. नरकचतुर्दशीस सूर्योदयापूर्वीं स्नान करणें पहिल्या शिफ्टच्या मुलीस मुळींच जड नाहीं, ती रोजच करिते. पाठीस तेल लावण्यासाठीं शेजारच्या खोलीचें दार ठोठवावें लागतें एवढेंच. लक्ष्मीपूजनास नवी केरसुणी आणि लाह्या-बत्तासे आणले कीं एका खोलीची पूजा होते. पाडवा तसाच निघून जातो.

राहिली भाऊबीज. हिच्या बाबतींत आपल्या पूर्वजांनीं एकटीची सोय आधींच करून ठेवली आहे. जिला भाऊ नाहीं किंवा ज्याचा भाऊ दूर आहे, तिनें चंद्रास ओवाळावें, अशी आपली चाल आहे. मात्र हा भाऊ फार वेळ थांबत नाहीं. कार्तिक शुद्ध द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेस अगदीं खालीं दिसते आणि थोड्याच वेळांत मावळते. गच्चीवर जाऊन, इमारतींच्या फटींतून तिला गांठावें लागतें. पहिल्या शिफ्टच्या मुलीस हें जमतें. दुसऱ्या शिफ्टची त्या वेळीं कारखान्यांत असते. आमच्या आळींत राहणाऱ्या बीडकडच्या एका मुलीनें यावर तोड काढली. तिच्या विभागांत बिहारची एक मुलगी आहे. तिनें भाऊबीजेस शिफ्ट बदलून घ्यावी, आणि चार दिवसांनीं छठ येते, मोशीस इंद्रायणीच्या कांठीं सूर्यास अर्घ्य देण्यासाठीं त्या लोकांची गर्दी लोटते, त्या संध्याकाळीं हिनें तिची शिफ्ट करावी, असा त्यांचा करार झाला आहे. पर्यवेक्षकाची सही तेवढी व्हावयाची आहे.